तलाव अर्धा करू नका : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी मंजूर झालेला ५० मीटरचा जलतरण तलाव निधीअभावी २५ मीटरचा करण्यात येत असल्याचे पत्र मागच्या सोमवारी आम्हा पालकांच्या हाती पडले. भूमिपूजनाच्या दिवशी व्यासपीठावरून दिलेला शब्द मोडताना आम्हाला कोणी साधे विचारलेही नाही.

लांबी अर्धी झाली तर काय बिघडले, असे सही करणाऱ्यांना वाटले असेल. महोदय, ऑलिंपिकच्या जलतरण शर्यती ५० मीटरच्या तलावात होतात आणि पात्रतेसाठी २५ मीटरच्या तलावातली वेळ धरलीच जात नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत छोट्या तलावात तीनदा वळायचे असते, मोठ्यात एकदाच. भिंतीला पाय रेटून मिळणारा जोर तिथे दोनदा कमी मिळतो आणि तेवढे अंतर हातापायांच्या बळावरच कापावे लागते. माझी चौदा वर्षांची मुलगी गेल्या वर्षी पुण्यात बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात प्रथमच उतरली, तेव्हा निम्म्या अंतरावर तिची लय मोडली, तिने मान वर काढून पुढे पाहिले आणि तेवढ्यात शेजारच्या लेनमधली मुलगी निघून गेली. परतताना रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ती एवढेच म्हणाली, "मम्मी, भिंत आलीच नाही."

त्यानंतर दर दोन महिन्यांनी आम्ही पुण्याची फेरी करतो. मी शिक्षिका आहे, मुलीचे वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत. या फेऱ्यांपायी माझी सोन्याची पोत गहाण पडली आहे. गावातला जुना तलाव पाणीटंचाईचे कारण सांगून नेमका मे महिन्यात बंद ठेवतात, म्हणजे ज्या सुट्टीत मुलांना दिवसातून दोनदा सराव करता आला असता, तीच वाया जाते.

या खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे ५० मीटर फ्रीस्टाइलचे कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकले. आमच्या मुलांची वेळ मात्र आजही काठावर उभे राहून हातातल्या घड्याळावर घेतली जाते, कारण भिंतीला हात लागताच वेळ नोंदवणारी टचपॅड नावाची वस्तू त्यांनी आपल्या गावात कधी पाहिलेलीच नाही.

खजान सिंग यांनी १९८६ साली आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, त्यानंतर जलतरणातले पुढचे पदक वीरधवलने २०१० साली आणले. मधली चोवीस वर्षे पोहणाऱ्यांच्या आळसाने गेली, असे मला कोणी सांगू नये. ऑलिंपिकची 'अ' पात्रता वेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारा पहिला भारतीय, साजन प्रकाश, आपल्याला २०२१ साली मिळाला, आणि ऑलिंपिक जलतरणात देशाचे एकही पदक नाही. पदक आले की सत्कारासाठी मंडप उभे राहतात, शाल-श्रीफळाला पैसा मिळतो. तलाव मागितला की तिजोरी रिकामी असते. मुलांनी सराव करायचा कुठे, याचे उत्तर द्यायला या व्यवस्थेत कोणीही बांधील नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

आमची मागणी एकच आहे : लांबी कमी करण्याचा निर्णय रद्द करून मूळ आराखड्याप्रमाणे काम करावे. जागेवर ५० मीटरच्या फक्कीच्या रेषा अजून दिसत आहेत. काल संध्याकाळी माझी मुलगी त्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. काँक्रीट पडण्याआधी आपला आदेश निघावा.

आपली,
एका जलतरणपटूची आई
तापीकाठ, जि. जळगाव