न बसणारं गॅस्केट आणि परस्पर बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सायफन कॉफी मेकरचं सदोष गॅस्केट

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लिहायला बसले. मी फोनवर बोलत असतानाच ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला. कुणी काढली निकाली? माझं बोलणंही संपलं नव्हतं.

तक्रार पहिल्यापासून एकच आहे. मूळचं गॅस्केट, म्हणजे वरचं भांडं खालच्या काचेच्या चंबूत घट्ट बसवणारं रबरी कडं, वॉरंटी संपायच्या आत कडक होऊन चिरलं. तुम्ही बदलून पाठवलेलं चंबूच्या तोंडात घट्ट बसत नाही. वरचं भांडं कितीही दाबून बसवलं तरी हाताला डुगडुगतं. चंबूखालचा दिवा पेटवला की कडेने वाफ फुसफुसते. आच जोरात असली तर पाणी कसंबसं वर चढतं. मी कॉफी घालते, ढवळते, मिनिटभराने दिवा काढते. आता खालची वाफ निवून चंबूत पोकळी तयार व्हायला हवी आणि वरची कॉफी गाळणीच्या कापडातून सर्रकन खाली ओढली जायला हवी. तसं होत नाही. फटीतून बाहेरची हवा आत शिरते, पोकळी धरतच नाही. कॉफी वर चोथ्यातच तुंबून राहते आणि थेंब थेंब उतरेपर्यंत कडूजहर होते. चिकमगळूरहून मागवलेली अरेबिका मी त्या त्या वेळी दळून घेते. ती रोज मोरीत ओतायची का?

हे सगळं तुमच्या माणसाला शांतपणे सांगितलं. त्यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही ते असणार.

‘मॅडम, काच फुटलीय का?’
नाही.
‘पाणी वर जातंय ना?’
जातंय, पण कॉफी खाली येत नाही.
‘मग वरूनच कपात ओता ना मॅडम.’

मी म्हटलं, अहो, वरच्या भांड्याला खाली नळी आहे, ती चंबूत उतरलेली आहे. ते उचललं तर उकळती कॉफी नळीतून हातावर, ओट्यावर सांडेल. तो थोडा वेळ गप्प. मग, ‘घरी सर आहेत का? त्यांना फोन द्या, त्यांना समजावून सांगतो.’

भांडं मी विकत घेतलं, बिल माझ्या नावावर आहे, कॉफी मी करते. ‘सरांना’ काय समजावणार होता तो? वाफ निवली की पोकळी होते हे मला कळतं, आणि ते तुमच्या माणसाला मीच सांगत होते! मी ‘तुमच्या वरिष्ठांना द्या’ म्हटलं तर ‘वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत, तोवर नळाला लावतात ती पांढरी टेप गॅस्केटला गुंडाळून बघा’ असं उत्तर मिळालं. प्लंबरची टेप! मी पिते त्या कॉफीच्या वाफेत! आधीच्या फोनवर तर दुसऱ्या कुणीतरी ‘आच वाढवा, सगळं पाणी वर जाऊ दे’ असं सांगितलं होतं. कोरड्या चंबूखाली ज्योत ठेवली तर काच तडकू शकते, म्हणून तळाशी थोडं पाणी राहू द्यायचं असतं. ही सूचना तुमच्याच पुस्तिकेत छापलेली आहे. ती पुस्तिका तुमच्या माणसांना कुणी वाचायला देतं का?

त्या पुस्तिकेचंही सांगते. 1830 च्या दशकातलं बर्लिन, मग फ्रान्समधल्या लिऑनच्या मादाम वासिए, पुढे जपानमधली कॉफीगृहं, सायफनचा सगळा इतिहास चकचकीत कागदावर आहे. गॅस्केटचं माप मात्र कुठेच नाही. बाजारातून आणावं म्हटलं तर कोणत्या मापाचं आणू? तुम्ही ते सुटं विकत नाही. वर ‘रबरी भाग वॉरंटीत येत नाही, नवीन सेट घ्या’ म्हणता. बोटभर रुंदीच्या रबरासाठी अख्खा काचेचा सेट टाकून द्यायचा? सायफनमध्ये सगळं त्या रबरावरच चालतं, हे मी तुम्हाला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. तुमची किटली माझ्याकडे आहे, हातदळणीही तुमचीच आहे, दोन्ही उत्तम चालतात. त्याच विश्वासावर हे घेतलं. माझं ऐकून माझ्या भावजयीनेही हाच सेट घेतला. आता तिला मी काय तोंड दाखवू?

मला डिस्काउंट कूपन नको, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ नको. बरोबर मापाचं गॅस्केट हवं. ते पाठवण्याआधी याच मॉडेलवर बसवून, पाणी चढवून-उतरवून बघा. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि उत्तर लेखी द्या.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात दावा करता येतो, आणि 5 लाखांच्या आतल्या दाव्याला फीही लागत नाही. गॅस्केट, बिल आणि तुमचे सगळे मेसेज जपून ठेवले आहेत.

आणि यापुढे फोन केलात तर माझ्याशीच बोला.

आपली ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, तक्रार क्रमांक, दोन्ही गॅस्केटचे फोटो