संगणकाची वेगळी तासिका कशाला?

ग्रामीण शाळांत संगणक कक्ष वाढवावेत, अशी मागणी करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. मागणी रास्त असली, तरी नुसती यंत्रे आल्याने भागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग (संगणकासाठी सूचना लिहिणे) सुचवले आहे; प्रत्यक्षात आमच्या भागातील अनेक शाळांत संगणकाच्या तासिकेला ना गुण, ना स्वतंत्र शिक्षक, त्यामुळे मुले आपले नाव टंकतात, एखादे चित्र रंगवतात आणि घंटा होताच उठतात.

त्याऐवजी विज्ञानाच्या तासातच संगणक आणावा. नववीत ओहमचा नियम आहे: तापमान स्थिर असताना तारेतील विद्युतधारा विभवांतराच्या (व्होल्टेजच्या) प्रमाणात वाढते, म्हणून आलेख सरळ रेषेत येतो. विभवांतर आणि विद्युतधारा यांची वाचने मुलांनी स्वतः घेऊन संगणकावरील तक्त्यात भरली, आलेख काढला आणि एखादा बिंदू रेषेबाहेर का गेला (बहुधा जोडणीची तार सैल असते), हे शोधले, तर दोन्ही विषय एकाच बैठकीत शिकून होतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरातील मातीच्या ओलाव्याच्या नोंदीही अशाच ठेवता येतील. तक्ते आणि आलेख करायला लिबरऑफिससारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते. वीज गेलीच, आणि ती जातेच, तर आलेख कागदावर काढावा.

दहावीच्या विज्ञानात १००पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांतील काही गुण मंडळाने अशा नोंदींसाठी राखून ठेवावेत. गुण मिळाल्याशिवाय शाळा याकडे वळणार नाहीत.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)