विमानाला वजन, बोटीला जागा

डोंबिवली,
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. सौ. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू मॉरिशसला बोटीने न्यायच्या सामानाची यादी वाचलीस तेव्हा मी मधे बोलले नाही. समीरराव शेजारी होते, सई रडत होती, आणि एकदा सुरू झाले की मी थांबत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. शांतपणे वाच, आणि निर्णय तुमचा तुम्ही घ्या.

नेणार म्हणालीस: डबल बेडची गादी, सहा उशा, दोन बीनबॅग, फ्रिज, सईचं ते घसरगुंडीचं प्लास्टिक. ठेवून जाणार म्हणालीस: पुस्तकं, बिडाचा तवा, तांब्याचा हंडा आणि आजीचा पाटा-वरवंटा. का, तर जड आहे.

अगं, बरोबर उलटी यादी केली आहेस! विमानाचा हिशोब बोटीला लावलास. मी बॅलार्ड इस्टेटला क्लिअरिंग एजंटकडे सत्तावीस वर्षं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवर चढवलेल्या मालाच्या पावत्या, टाइप केली आणि माझ्याच मुलीला हे ठाऊक नाही. अर्थात मी कधी सांगितलंच नाही. घरी आल्यावर ऑफिसचं नाव काढायचं नाही असा माझा नेम होता.

बोटीवर तुमच्या एवढ्याशा सामानाला अख्खा कंटेनर लागत नाही. दहा जणांचा माल एका कंटेनरमधे भरतात, त्याला एलसीएल म्हणतात. त्याचं भाडं घनमीटरवर, म्हणजे आमच्या भाषेत सीबीएमवर. एक मीटर लांब, एक रुंद, एक उंच एवढी जागा म्हणजे एक सीबीएम. तेवढ्या जागेत एक टनापर्यंत वजन त्याच भाड्यात जातं. संसाराचं सामान सीबीएमला एक टन कधीच भरत नाही. थोडक्यात, बोटीला तू वजनाचे पैसे देतच नाहीस, जागेचे देतेस. उशी म्हणजे जागा. गादी म्हणजे जागा. सहा बाय पाचची सहा इंची गादी एकटीच जवळजवळ ०.४२ सीबीएम खाते. तेवढ्यात तुझे पुस्तकांचे तीन खोके बसून वर थोडी जागा उरेल.

खोक्याचा हिशोब असा धर. ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरचा खोका ०.१२ सीबीएमचा होतो, म्हणजे आठ खोके झाले की एक सीबीएम. तोच खोका विमानाच्या कार्गोने पाठवलास तर ते लोक घनसेंटीमीटरला ६००० ने भागतात. उत्तर येतं सव्वावीस किलो. आत पाच किलोच्या उशा असल्या तरी पैसे सव्वावीस किलोचे. पुस्तकं भरलीस तर खोका चाळीस किलोच्या वर जाईल आणि मग पैसे खऱ्या वजनाचे. दोन्हीकडून तेच जिंकतात.

तर मग विमानाने काय न्यायचं? पहिल्या दोन महिन्यांत ज्याच्यावाचून अडेल तेवढंच: कपडे, सईची औषधं, कागदपत्रं, कुकर, मिक्सर. जास्तीची बॅग आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा, काउंटरवर पैसे मोजायची वेळ आणू नका. आणि एकही बॅग ३२ किलोच्या वर जाऊ देऊ नका, उचलणाऱ्यांसाठी तेवढीच मर्यादा असते. मिक्सर तिकडे चालेल, मॉरिशसलाही आपल्यासारखीच २३० व्होल्ट वीज आहे. फक्त प्लग इंग्लंडसारखा, चौकोनी तीन पिनांचा. अ‍ॅडाप्टर इथूनच घे. फ्रिजही चालेल, पण तो उभ्याउभ्या जवळजवळ एक सीबीएमचे पैसे घेईल. तिकडची भाड्याची घरं बरीचशी फर्निचरसकट मिळतात. आधी घर बघा, मग फ्रिजचं बोला. इथला विकून टाक, नाहीतर माझ्या बाल्कनीत ठेव.

आता मुख्य सांगते, त्यासाठीच कागद घेतला आहे.

तुम्ही दर मागायला लागलात की कोणीतरी एकदम स्वस्त दर देईल. इतका स्वस्त की समीररावांना वाटेल, बाकीचे लुटारू आहेत. नंदामावशीचं सामान सिंगापूरला पाठवलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. आमच्या ऑफिसचा दर बाजूला ठेवून मी दुसऱ्या एका फॉरवर्डरचा, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटचा, घेतला, चार हजारांनी कमी होता. मी, जी रोज हेच कागद करायची! बोट तिकडे लागली आणि मावशीचा फोन आला. माल उतरवण्याचे, कंटेनर उघडून ज्याचा त्याचा माल वेगळा करण्याचे, गोदामाचे, माल सोडण्याच्या चिठ्ठीचे असे करत करत भाड्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे तिकडे मागितले. मी फॉरवर्डरकडे गेले. त्याने माझ्याच समोर कोटेशन ठेवलं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: पोहोचण्याच्या बंदरावरचा खर्च माल घेणाऱ्याकडे. मी ती वाचलीच नव्हती. मावशी एक शब्द बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून दर विचारताना "न्हावा-शेवा ते पोर्ट लुई किती?" असं, म्हणजे आपल्या बंदरापासून मॉरिशसच्या बंदरापर्यंतचं, विचारूच नका. "आमच्या दारातून उचलून तिकडच्या दारात टाकेपर्यंत, पोर्ट लुईचे सगळे चार्जेस धरून, लेखी द्या," असं म्हणा. ड्यूटी आणि टॅक्स सोडून बाकी सगळं त्या आकड्यात हवं. गोदामात किती दिवस फुकट आणि पुढे दर दिवसाला किती, तेही लिहून घ्या. पैसे खरे तिथे जातात. तीन ठिकाणचे दर घ्या आणि तिघांना तेच खोके, तीच मापं सांगा. एक सीबीएमच्या आत माल असला तरी बहुतेक जण एकाचेच पैसे घेतात, म्हणून अर्ध्या जागेसाठी भांडत बसू नका, उरलेली जागा भरा. तुमचं सामान तीन-चार सीबीएमच्या पुढे जाता कामा नये. तेरा-चौदाच्या वर गेलं असतं तर मी वीस फुटी अख्ख्या कंटेनरचा दर काढायला सांगितला असता, पण तेवढा संसार तुमचा अजून झालेला नाही.

बिल ऑफ लेडिंग ज्याच्या नावावर ऑक्युपेशन परमिट, म्हणजे तिकडे राहून काम करायचा परवाना, आहे त्याच्याच नावाने करा, म्हणजे समीररावांच्या. स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. यात एक अक्षर चुकलं म्हणून लोकांना आठवडा-आठवडा खेटे घालताना मी पाहिलं आहे. आणि मूळ कागद कुरिअरने तिकडे पाठवत बसण्यापेक्षा एजंटला सांगा, ते बिल इथेच सरेंडर, म्हणजे जमा, करा. मग तिकडे कागदाविना माल सुटतो. माल तुमच्या आधी पोहोचायला नको. माणूस हजर नसेल तर गोदामाचं भाडं चढत राहतं. तुम्ही दसऱ्यानंतर निघणार, म्हणजे माल त्याच सुमाराला बोटीवर चढू द्या. वाटेत दुसऱ्या बंदरावर उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवतात, तेव्हा घर ते घर दीड-दोन महिने धरून चाला. त्यांचे वादळाचे दिवस नोव्हेंबर ते मेचा मध्य, तेव्हा बोट चार दिवस उशिरा लागली तर एजंटवर ओरडू नका.

कस्टमचं मी तिकडचं काही सांगत नाही. मॉरिशस रेव्हेन्यू ऑथॉरिटीला समीररावांच्या कंपनीकडूनच आधी लेखी विचारून घ्या. एवढं मात्र कुठल्याही देशात खरं: वापरलेलं सामान वापरलेलं दिसलं पाहिजे. नवा कोरा, बिलासकट सीलबंद डिनर सेट घरसामान म्हणून नेलात तर कोणीही अधिकारी त्याच्याकडे बोट दाखवेल, आणि तिकडचा व्हॅट १५ टक्के आहे. लग्नातल्या त्या सेटचं सील फोड, चार दिवस त्यात जेवा.

यादी करताना "किचन आयटम" असं लिहायचं नाही. "स्टीलची ताटं ६, वापरलेली. पितळी डबा १, वापरलेला." खोक्याच्या सगळ्या बाजूंवर नंबर, "७/२२" असा. विमा काढाल तर एक लक्षात ठेवा: आपण स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर बहुतेक विमेवाले हात वर करतात. म्हणून काच-चिनीमातीचे दोन खोके पॅकर्सकडून भरून घ्या, बाकीचे आपण भरू. आणि किंमत कमी दाखवून हप्ता वाचवू नका. दोन लाखांच्या सामानाचा एक लाखाचा विमा काढलात तर दहा हजारांचं नुकसान झाल्यावर पाचच मिळतात.

पॅकिंगला बबल रॅप विकत आणू नकोस. घरात अकरा गोधड्या आहेत. भांडी गोधडीत गुंडाळायची, म्हणजे गोधडीही जाते आणि भांडंही. हंड्यात सईचे स्वेटर, कुकरमधे मोजे. रिकामं भांडं बोटीने पाठवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. वर्तमानपत्र मात्र वापरू नकोस, पावसाळ्यात ते ओल धरतं. कंटेनरलाही घाम येतो. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो आणि छतावरून थेंब पडतात. म्हणून प्रत्येक खोक्याला आतून जाड प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या. लाकडी पेटी केलीच तर तिच्यावर उष्णता दिलेल्या लाकडाचा शिक्का हवा, गव्हाचं कणीस आणि "एचटी" असा. तो नसेल तर पेटी तिकडे अडू शकते.

तुळस न्यायची नाही. रोप, बी, माती काहीच नाही. देवघरातलं मोरपीसही काढून ठेव, आपल्याकडून बाहेर न्यायला बंदी आहे. आणि पितळी अन्नपूर्णा इथेच राहील. ती माझ्या आजेसासूबाईंच्या माहेरची, शंभर वर्षांच्या वरची. शंभराच्या वरची मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, देशाबाहेर नेता येत नाही. तू म्हणशील कोण बघतंय. मी बघते आहे. तिकडे दुसरी मिळेल. आपल्या कोकणातली माणसं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिकडे ऊस तोडायला गेली, त्यांच्या पणतू-खापरपणतूंची देवघरं आहेत. गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते. तिकडच्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे मराठी शिकवतात. सईला तिथल्या मुलांचं मराठी ऐकव, मला फोनवर ऐकायचं आहे.

पाटा मी आज खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवला. २२ किलो. तो म्हणाला, ताई, विकायचाय का? १६ इंच लांब, १० रुंद, ३ जाड. गोधडीत गुंडाळून खोक्यात घातला तरी तुझ्या एका उशीपेक्षा कमी जागा घेईल. तू म्हणतेस मिक्सर आहे, पाट्यावर वाटणार कोण. नको वाटूस. मी आले की वाटेन. ब्रशने घासून बाल्कनीत उन्हात ठेवला आहे, खाचेत मातीचा कण राहता कामा नये. खोका मजबूत, सात पदरी पुठ्ठ्याचा आण, आणि तळाला तोच जाईल, त्याच्यावर काच नको.

रविवारी याल तेव्हा मोजपट्टी घेऊन या. समीररावांना सांग, जेवायला अळूचं फदफदं करते आहे.

तुझी,
आई

ता. क. कुकरच्या रिंगा चार घे, आणि शिट्टी एक जास्तीची. आपल्याच कंपनीची तिकडे मिळेलच असं धरून चालू नकोस, आणि त्यांना ना वजन ना जागा.