मार्क कापायच्या आधी कॉल ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉल सेंटरमधलं बोलणं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा लेख तुमच्या पेपरात वाचला. स्पीच अ‍ॅनालिटिक्स (बोलण्याची आपोआप छाननी) आणि ऑडिओ सर्च (रेकॉर्डिंगमध्ये हवे ते शब्द शोधणं) बनवणाऱ्या कंपन्यांचं त्यात भरपूर कौतुक आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबरच आहे, पण दिवसभर हेडसेट लावून बसणाऱ्या माणसाचं यातून काय होतं ते कुठेच आलं नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं क्वालिटी टीममध्ये काढलीयेत, म्हणजे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि एजंटला मार्क द्यायचे, हेच काम.

आधी चांगलं सांगते. पूर्वी हजारो कॉलमधले आम्ही मूठभर ऐकायचो, त्यात एखाद्याचा नेमका बिघडलेला कॉल हाती लागला की त्याचा महिन्याचा स्कोअर गेलाच. ऑडिओ सर्चमुळे सगळेच कॉल धुंडाळता यायला लागले. त्यातली फोनेटिक सर्चची पद्धत मला खरंच भारी वाटते. जॉर्जिया टेकमधल्या संशोधनातून उभी राहिलेली नेक्सिडिया ही कंपनी त्यासाठी ओळखली जायची, 2016 मध्ये ती नाइस नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. यात बोलणं शब्दांत उतरवत बसत नाहीत, रेकॉर्डिंग बारीक बारीक ध्वनींत फोडून (इंग्रजीत असे साधारण 44 धरतात) त्याची सूची करून ठेवतात आणि आपण काही शोधलं की त्याचेही ध्वनी पाडून जुळतात का बघतात, त्यामुळे डिक्शनरीत नसलेलं माणसाचं नाव किंवा कालच बाजारात आलेलं प्रॉडक्टसुद्धा सापडतं. फक्त शब्द छोटा असला की गोंधळ होतो, तो भलत्याच शब्दांच्या पोटात सापडत राहतो, म्हणून आम्ही 'मॅनेजरला फोन द्या' असं अख्खं वाक्यच टाकायचो.

इथपर्यंत सगळं छान, कारण इथे सॉफ्टवेअर फक्त कुठे ऐकायचं ते दाखवतं आणि ऐकतो माणूसच. त्रास सुरू होतो तो त्याच सॉफ्टवेअरला मार्क द्यायला बसवलं की.

एक कॉल सांगते. पलीकडे ऐकू कमी येणाऱ्या आजी होत्या आणि आमची एजंट पोरगी प्रत्येक वाक्य मोठ्याने, दोन-दोनदा सांगत होती, न कंटाळता, शेवटी आजींनी तिला तोंडभरून आशीर्वाद दिले. सॉफ्टवेअरने लिहिलं काय, तर आवाज चढलेला, टोन आक्रमक, कॉल लांबलेला. तिन्हीकडे मार्क कापले गेले आणि इन्सेंटिव्हही. तो कॉल कुणी पाच मिनिटं ऐकला असता तर तिला शाबासकी मिळाली असती, पण डॅशबोर्डवर, म्हणजे स्कोअर दाखवणाऱ्या स्क्रीनवर, लाल दिसलं की कोण ऐकतंय! दुसरा प्रकार आणखी वाईट. बऱ्याच जुन्या सिस्टीममध्ये दोघांचा आवाज एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड होतो, मग कोण बोललं हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं, आणि दोघं एकदम बोलायला लागले की शिवी देतो ग्राहक आणि ती चढते एजंटच्या नावावर.

बोलणं टेक्स्टमध्ये उतरवणाऱ्या सिस्टीमचंही तेच. 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही जणांच्या सिस्टीम तपासल्या, तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. नंतर सिस्टीम खूप सुधारल्या हे मान्य, पण ज्याचा उच्चार मशीनच्या ओळखीचा नाही, जो एका वाक्यात दोन भाषा बोलतो, त्याला आजही जास्त फटका बसतो, आणि त्यात साध्या फोनलाइनचा आवाज म्हणजे मुळात 300 ते 3400 हर्ट्झमध्ये कापलेला, म्हणजे स आणि फ मधला फरक सांगणारा भाग बराचसा आधीच उडालेला. अशा मजकुरावरून माणसाची नोकरी ठरवायची?

भावना ओळखण्याबद्दल तर युरोपियन युनियनने सरळ कायदाच केलाय, कामाच्या ठिकाणी आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून कर्मचाऱ्याच्या भावना ताडणाऱ्या एआयवर तिथे 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. मला हे अगदी पटतं. आवाज चढला म्हणजे राग आला असं नसतं, आणि थंड आवाजात ग्राहकाचा अपमान करणारे एजंटही मी ऐकलेत, त्यांचा स्कोअर हिरवागार असायचा.

ही सॉफ्टवेअर बंद करा असं माझं बिलकूल म्हणणं नाही. ग्राहकांना तोच तो त्रास कुठे होतोय, कुठली माहिती चुकीची दिली जातेय, हे इतक्या लवकर कळायला दुसरा मार्ग नाही. पण सॉफ्टवेअरने दाखवलेला कॉल माणसाने ऐकल्याशिवाय कुणाचा एक मार्कसुद्धा कापू नये, आणि ज्याचा कापला त्याला ती क्लिप ऐकायला मिळायलाच हवी.

तेव्हा पुढच्या वेळी अशा कंपनीच्या लोकांशी तुमचा वार्ताहर बोलेल तेव्हा अचूकता किती टक्के एवढंच विचारून थांबू नका. ती अचूकता कुठल्या भाषेतल्या, कुठल्या उच्चाराच्या कॉलवर मोजली, दोघांचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो का, एजंटने हरकत घेतली तर ती कोण ऐकतं, आणि ग्राहकाचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात, हे विचारा आणि उत्तरं जशीच्या तशी छापा.

आपली,
एक जुनी वाचक