अंगठा कुणाचा?

महोदय,

देणग्यांचा हिशेब ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर प्रती असलेल्या डिजिटल वहीत ठेवावा, हा कालचा लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे. पण मदत दारापर्यंत येताना काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं नसावं.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतली निम्मी घरं उघडी पडली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीत पगार कापले गेलेले असतानाही मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली आणि पत्र्यांसाठी एका संस्थेकडे दिली. पावती वेळेवर आली. पत्रे मात्र रस्त्यालगतच्या घरांनाच मिळाले. आतल्या पाच घरांनी तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला, त्यातलं एक माझ्या चुलतीचं. पुढे संस्थेची यादी पाहिली, तर चुलतीच्या नावापुढे 'साहित्य मिळाले' आणि अंगठा! चुलती सातवी शिकलेली आहे, ती सही करते. तिनं शेवटी बांगड्या गहाण ठेवून पत्रे घातले.

ही यादी ब्लॉकचेनवर असती तर? तिथे प्रत्येक नोंदीला आधीच्या नोंदीची खूण जोडलेली असते आणि वहीच्या प्रती अनेकांकडे असतात, त्यामुळे मागाहून गुपचूप खाडाखोड होत नाही. म्हणजे तो खोटा अंगठाही कायमचा पक्का झाला असता. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं 2017 मध्ये जॉर्डनच्या अझ्राक छावणीत हे तंत्र वापरलं, तेव्हा सीरियन निर्वासितांची ओळख दुकानातच त्यांच्या बुबुळावरून पटवली जायची. घेणारा माणूस समोर असल्याशिवाय नोंदच होत नसे. लेखात नेमकं हेच आलेलं नाही.

आमच्या गावकीचा हिशेब शिमग्याला देवळात सगळ्यांसमोर वाचतात. कुणीही उठून विचारू शकतो. मदतीची यादीही तशीच आधी वाडीत वाचा, ज्याला मिळालं त्याच्या तोंडून वदवून घ्या, मग ती खुशाल ब्लॉकचेनवर चढवा. मी स्वतः त्या कामाला येईन.

आणखी एक. दात्याला सगळं मोबाइलवर ताबडतोब दिसेल, असं लेखात म्हटलं आहे. आमच्याकडे रेंजसाठी अजून सड्यावर चढावं लागतं. टॉवरसाठी ग्रामपंचायतीनं दोनदा ठराव केला, उत्तर नाही. त्याचीही बातमी आपण छापावी, ही विनंती.

आपला एक वाचक,
श्रीवर्धन, जि. रायगड