तुम्ही तिला विचारलंत, मला नाही

प्रिय काका,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. पण सिनेमाच्या खेळाला तुम्ही माझ्या लेकीशी जसे वागलात, त्याबद्दलचं हे पत्र चारचौघांत वाचलं जावं अशी माझी फार इच्छा आहे. आठ दिवस झाले, लिहायला बसलं की डोळे भरून येतात. तेव्हा पत्र थोडं विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. उडते गालिचे, जादूगार, राक्षस यांचं तिला विलक्षण वेड. मूकपटांच्या काळात ती जन्मली असती तर थिएटरात तिला कुणी वेगळं बसवलं नसतं. पडद्यावर संवाद लिहून येणाऱ्या पाट्या सगळ्यांसाठी त्याच, चेहरे आणि हात सगळ्यांसाठी तेच. १९२७ नंतर बोलपटांची लाट आली, पाट्या गेल्या आणि कर्णबधिर प्रेक्षकांचा सिनेमा एका झटक्यात हिरावला गेला. लॉन चेनी या नटाचे आई-वडील दोघंही कर्णबधिर होते. घरात त्यांच्याशी हातवाऱ्यांनी, चेहऱ्यानं बोलता बोलताच तो पडद्यावर तसं बोलायला शिकला. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ आरशासमोर उभी होती.

म्हणूनच तुमच्या खेळाआधी पाहिलेल्या त्या एका खेळाचा राग माझ्या मनातून जात नाही. मुलांसाठी 'द थीफ ऑफ बगदाद' लावला होता, १९२४ चा, डग्लस फेअरबँक्सचा. आम्ही महिनाभर त्या दिवसाची वाट बघत होतो. आणि दाखवला कसा? रुंद पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणलेलं, सगळी माणसं बुटकी आणि जाडी. त्या काळी कॅमेरे बहुतेक हातानं फिरवत, सेकंदाला आजच्या २४ पेक्षा कमी चित्रं घेत. त्याचा काही विचार न करता फिल्म आजच्या वेगानं पळवलेली, त्यामुळे फेअरबँक्सची ती मांजरासारखी चाल नुसती धावपळ झाली. मुलं हसत होती. मुलांना कंटाळा येतो म्हणून पाट्या चक्क कापून टाकल्या होत्या आणि एक बाई माइकवरून गोष्ट सांगत होत्या. ज्या सिनेमाला ऐकू येण्याची गरजच नाही, तो माझ्या मुलीपासून असा काढून घेतला. मी जाऊन बोलले तर उत्तर मिळालं, "तिला नाहीतरी ऐकू येत नाही ना, चित्रं बघेल की." तेही तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता. तिला ओठ वाचता येतात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यानंतर तुमच्या खेळाला यायला ती तयार नव्हती. मी तिला कसं समजावलं, तुम्हाला आधी काय काय विचारलं, ते जाऊ दे. आम्ही आलो तेव्हा तुमच्या हातात दोनशे पानी वही होती. 'प्रिन्स अहमद' या मूकपटाच्या सगळ्या पाट्या तुम्ही आपल्या भाषेत उतरवून काढल्या होत्या. एका पानावर एक पाटी, जाड काळ्या पेननं. तेवढ्यानंच मला भरून आलं होतं. पण तुम्ही पुढे जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसलात, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंत, "अक्षर पुरेसं मोठं आहे का?" आणि पेन तिच्या हातात दिलंत.

तिच्या हातात, काका. दवाखाना असो, दुकान असो, नातेवाईक असोत, सगळे मला विचारतात. तिला चालेल का, तिला कळतं का, तिला काय आवडतं. ती शेजारी उभी असते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, "थोडं मोठं." आणि खेळाला वीस मिनिटं उरलेली असताना तुम्ही एकामागून एक पानं पुन्हा लिहायला बसलात. उरलेली पानं मध्यंतरात लिहिलीत. चहासुद्धा घेतला नाहीत.

नंतर प्रोजेक्टरची केबिन सहकाऱ्याकडे सोपवून तुम्ही तिच्या शेजारी येऊन बसलात. उजेड बाकीच्यांच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून टॉर्चवर रुमाल गुंडाळलेला. पाटी आली की पानावर मंद पिवळा ठिपका, पाटी गेली की अंधार. एकदाही चुकला नाहीत.

आणि सिनेमा तरी काय निवडलात! १९२६ चा, जर्मन दिग्दर्शिका लोटे रायनिगरनं कात्रीनं कापलेल्या सावल्यांचा. काळा कागद, शिशाचे पातळ पत्रे, सांध्यांना तार, आणि खालून उजेड दिलेल्या काचेवर एकेक चित्र सरकवत तीन वर्षांचं काम. त्या सावल्यांना चेहराच नाही. राग, भीती, लाज सगळं मान आणि बोटं सांगतात. माझ्या लेकीची भाषाच आहे ती. शंभर वर्षांपूर्वीचा सिनेमा अजून का धरून ठेवतो, असं लोक विचारतात. मला तर त्या हातांत उत्तर दिसतं. कुणीतरी प्रत्येक बोट स्वतः कापलंय आणि स्वतः हलवलंय, ते पाहणाऱ्याला जाणवतं. जादूचा घोडा अहमदला घेऊन वर वर जातो आणि खाली कसं उतरायचं ते त्याला ठाऊक नसतं, तेव्हा लेकीनं तुमची बाही घट्ट धरली होती. तुम्ही हात काढून घेतला नाहीत. पुढची पाटी आली तर टॉर्च डाव्या हातात घेतलात.

माणूस चांगला आहे हे ओळखायला मला आता मोठं काही लागत नाही. समोरच्यालाच विचारतो की त्याच्या वतीनं दुसऱ्याला विचारतो, एवढं मी पाहते. तुमच्यासारखी माणसं आहेत, ती कुठं मिरवत नाहीत, म्हणून इथं लिहिलं.

वही तुम्ही तिला देऊन टाकलीत. ती उशाशी असते. शिवाय परवापासून घरात काळ्या कार्डबोर्डचे तुकडे पडलेत आणि माझी शिवणाची कात्री सापडत नाही. घोडा तयार आहे, मानेला तारेचा सांधा आहे, शेपटी मात्र अजून नीट हलत नाही. ती जमली की तो घेऊन तुमच्याकडे यायचं असं तिनं ठरवलंय. काय विचारायचं तेही तिनं लिहून ठेवलंय, मला दाखवत नाही.

तुमची ऋणी,
तिची आई