लॅपटॉप 'फॉरमॅट मारायला' देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की लातूर, नांदेड, परभणीच्या दुकानांत घरातले जुने लॅपटॉप 'फॉरमॅट मारायला' येऊ लागतात. तासा-दोन तासांत विंडोज टाकून मिळते; गेले काय, ते ग्राहकाला फार उशिरा कळते.

विंडोज ८ किंवा त्यापुढची विंडोज कंपनीकडूनच टाकून आलेल्या बहुतेक लॅपटॉपची परवाना-की मदरबोर्डवरच्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) चिपमध्ये असते. तीच आवृत्ती, म्हणजे बहुधा 'होम', पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. पैसा लागत नाही. तरी अनेक ठिकाणी 'प्रो' टाकून क्रॅक (परवान्याशिवाय विंडोज चालवणारा बेकायदा जुगाड) मारतात, आणि क्रॅक चालावा म्हणून बंद केलेला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तसाच बंद राहतो. हक्काचा परवाना असताना हा उपद्व्याप कशाला? लॅपटॉप देण्याआधी विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे आवृत्ती पाहून ठेवावी आणि परत घेताना तीच आहे का ते तपासावे.

परवाना परत मिळतो, डेटा मिळत नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे सगळ्या ड्राइव्हवरच्या डेटाला कुलूप, आपोआप चालू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. 'डी ड्राइव्हला हात लावत नाही' असे दुकानदार सांगतो, लावतही नाही. पण सी पुसल्यावर तोच डी उघडताना ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खाते कुणा दुसऱ्याच्या ईमेलवर काढले असेल, तर ड्राइव्ह समोर असूनही फायली गेल्या. म्हणून की आधी कागदावर उतरवावी, किंवा सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन (कुलूप काढणे) पूर्ण होऊ द्यावे. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी मध्येच असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्यांनी श्रीलिपी, कृतिदेवचे फाँटही काढून ठेवावेत. नाहीतर जुने अर्ज उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

घरी करायचे तर किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचे मीडिया क्रिएशन टूल (पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करणारे) पुरते. पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याच्या बूट मेनूसाठी डेल, लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ती जळालेली नसते. डिस्क हाताळणाऱ्या इंटेल व्हीएमडीचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करावे लागते. 'एसएसडी (डिस्क) गेली' म्हणून नवी गळ्यात मारली जाते ती इथेच. सेटअपमध्ये वायफाय सापडले नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणे) चालू करावे. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरवर करावे. मध्येच लाइट गेली तर विंडोज पुन्हा टाकता येते, पण बायोस अपडेट चालू असताना गेली तर मदरबोर्डच बसू शकतो.

विंडोज १० चा नियमित आधार (मोफत सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीतच. जबरदस्तीने ११ टाकण्यापेक्षा ४ जीबी रॅम असलेल्या अशा यंत्रावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून द्यावे. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात चालतो.

दुकानदारांनी टाकलेली आवृत्ती आणि परवाना मूळचा की क्रॅक, एवढे तरी पावतीवर लिहून द्यावे. ग्राहकांनीही ते मागून घ्यावे.

– एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, परभणी